नौकेला दादरा

पनामाची टोपी पनामात होत नाही. ती विणतात एक्वाडोरमध्ये. पनामाच्या बंदरांतून ती जगभर गेली, म्हणून पनामाचे नाव तिला चिकटले. मग पनामाचे स्वतःचे म्हणून आहे तरी काय? कालवा म्हणाल, तर तो खराच. शाळेत भूगोलाच्या मास्तरांनी नकाशावर छडी टेकवून दाखवला, तेव्हापासून आपली आणि त्याची ओळख. पण या चिंचोळ्या भूमीवर कालव्याच्याही आधीपासून मालकी सांगत आलेला आणखी एक रहिवासी आहे. भूगोलाच्या पुस्तकात त्याचे चित्र नसते. वजनाला तो दोन-तीन मिलिग्रॅम भरेल. कालवा खणायला आलेल्या एका बलाढ्य कंपनीला त्याने पिटाळून लावले. त्याचे नाव डास.

या गृहस्थाशी आमची गाठ पडली ती भाच्यामुळे. भाचा आणि भाचेसून दोघेही चांगल्या नोकरीतली माणसे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी नोकऱ्यांना रामराम ठोकला, अकरा मीटर लांबीची एक जुनी शिडाची नौका विकत घेतली आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन ती दोघे समुद्रावर राहायला गेली. ही बातमी घरात कळली तेव्हा काय काय बोलले गेले असेल, ते वाचकांनी आपापल्या घरावरून ताडावे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस भाच्याचा निरोप आला, “मामा, आम्ही कालवा ओलांडून पॅसिफिकमध्ये उतरणार आहोत. मामीला घेऊन या. येताना मामीचं हातशिलाईचं सामानही आणा.” शेवटच्या वाक्याचा अर्थ तेव्हा आम्हांला लागला नाही. सौ.ने मात्र सुयांची डबी, दोन कात्र्या आणि मोजपट्टी मुकाट्याने बॅगेत टाकली.

इस्तंबूलमार्गे आम्ही पनामा शहरात उतरलो. कोलोन बंदरात भाच्याकडे जाण्यापूर्वी दोन दिवस हाताशी होते. जुन्या गावात कालव्याचे संग्रहालय आहे. ज्या इमारतीत फ्रेंच कंपनीची कचेरी होती, तिथेच ते १९९७ साली उघडले. सुएझचा कालवा यशस्वी करून दाखवणारे फर्दिनां द लेसेप्स यांनी १८८१ साली इथे काम सुरू केले, तेव्हा साऱ्या फ्रान्सने आपली पुंजी त्यांच्या शब्दावर लावली होती. आठ वर्षांत कंपनी बुडाली. पैसा गेला तो गेलाच, पण हिवताप, पीतज्वर आणि इतर रोगांनी मिळून बावीस हजारांच्या आसपास माणसे गेली असा अंदाज आहे.

त्या काळची एक हकीकत ऐकून सौ. थबकलीच. अँकॉन टेकडीच्या उतारावर फ्रेंचांनी सुरेख रुग्णालय बांधले होते. जोगिणी रुग्णांची सेवा करीत. खाटांवर मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक खाटेचे पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवलेले असत. आपल्याकडे दुधाचे पातेले पाण्याच्या ताटात ठेवतात ना, अगदी तसेच. बागेतल्या रोपांभोवतीही पाण्याची आळी. खिडक्यांना मात्र जाळी नाही. त्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होत होती आणि ते उघड्या खिडक्यांतून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर विनाहरकत फिरत होते. पाय मोडला म्हणून आलेला माणूस पीतज्वराने मरत होता. “अहो, म्हणजे त्या बायांनी स्वच्छतेपायीच...” सौ.ने वाक्य पुरे केले नाही.

त्या जोगिणींना दोष कसा द्यायचा? पीतज्वर डासांमुळे पसरतो असे क्यूबातील डॉक्टर कार्लोस फिन्ले यांनी १८८१ सालीच मांडले होते, पण ते कोणी मनावर घेतले नाही. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात पाहिला तो रोनाल्ड रॉस यांनी, आणि तोही आपल्या सिकंदराबादेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी. तोवर फ्रेंच कंपनी बुडून आठ वर्षे झाली होती.

१९०४ साली अमेरिकेने काम हाती घेतले, तेव्हा डॉक्टर विल्यम गॉर्गस हे लष्करी वैद्य तिथे आले. हवानातला पीतज्वर त्यांनी नुकताच आटोक्यात आणला होता. तरी वरिष्ठांना डासांमागे पैसा घालवणे हा पोरखेळ वाटत होता. १९०५ साली पीतज्वराची साथ उसळली, गोरे कारकून आणि इंजिनिअर मिळेल त्या बोटीने पळू लागले, तेव्हा कुठे डोळे उघडले. गॉर्गस यांच्या माणसांनी घरोघर धुरी दिली, डबक्यांवर तेल ओतले, नळाने पाणी आणून घरातले उघडे रांजण बंद केले आणि घरांच्या खिडक्यांना, व्हरांड्यांना बारीक तारेची जाळी ठोकली. ती जाळी तांब्याची, कारण या हवेत लोखंड टिकत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात पनामा शहरात पीतज्वराचा शेवटचा बळी पडला. पुढे १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा रीतसर खुला झाला.

पण एक गोष्ट संग्रहालयातून बाहेर पडल्यावरही मनातून जाईना. ही जाळी बसली ती मुख्यत्वे अमेरिकन नोकरांच्या घरांना. खणण्याचे खरे काम करणारे हजारो मजूर बार्बेडोस, जमेका अशा बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय होते. गोऱ्यांचा पगार सोन्याच्या नाण्यांत, यांचा चांदीच्या. राहण्याच्या जागाही त्याच हिशेबाने. यांच्यातले बहुतेक जण विनाजाळीच्या चाळींत नाहीतर रानातल्या झोपड्यांत राहत. अमेरिकन अमलातल्या दहा वर्षांत रोग आणि अपघात मिळून ५,६०९ माणसे दगावल्याची नोंद आहे. त्यांतले सुमारे साडेचार हजार हे मजूर होते. नुसत्या जाळीने ते सगळे वाचले असते असे नाही, पण जाळी कोणाच्या खिडकीला लागली आणि कोणाच्या नाही, हा हिशेबही त्या कालव्याच्या हिशेबात धरायला हवा.

तिसऱ्या दिवशी मोटारीने देश आरपार ओलांडून आम्ही कोलोनला पोचलो. ‘देश आरपार’ म्हटल्यावर दचकू नका. पुण्याहून लोणावळ्याला जाऊन थोडे पुढे जावे, एवढेच ते अंतर. सकाळी पॅसिफिक पाहिला आणि दुपारच्या जेवणाला अटलांटिकच्या काठी!

कोलोनच्या पश्चिमेला शेल्टर बे नावाची शिडांच्या नौकांची गोदी आहे. पूर्वी इथे अमेरिकन लष्कराचा तळ होता, सैनिकांना जंगलातल्या लढाईचे शिक्षण देत. १९९९ साली तो तळ पनामाकडे आला. जंगल मात्र कोणाकडेच गेले नाही, ते आपले गोदीच्या कुंपणापर्यंत येऊन उभे आहे. पहाटे माकडे असा आवाज काढतात की सिंहाच्या पिंजऱ्याशेजारी झोपल्यासारखे वाटावे.

पावसाळ्यात इतक्या नौका इथे का थांबतात, असे मी भाच्याला विचारले. कॅरिबियन समुद्रात जून ते नोव्हेंबर तुफानांचा हंगाम. पनामा त्या तुफानांच्या वाटेच्या दक्षिणेला पडतो, म्हणून जो तो इथे आसरा घेतो. “वादळापासून वाचायचं तर डास सोसायचे, असा सौदा आहे, मामा,” भाचा म्हणाला.

सौदा कसा होता ते रात्री कळले. शिडाच्या नौकेतली खोली पाण्याच्या पातळीला टेकून असते. हवा येते ती छतातल्या झडपांतून. झडप म्हणजे अर्धा मीटर लांब-रुंद चौकोनी भोक आणि त्यावर बिजागरीचे झाकण. नांगरावर नौका आपले तोंड वाऱ्याकडे फिरवते आणि पुढची झडप उघडी असली की वारा पंख्यासारखा अंगावर येतो. झडप लावली की आत चुलीवरच्या पातेल्यात बसल्यासारखे होते. म्हणजे उघडी ठेवली तर डास आणि मिटली तर उकाडा. त्या रात्री आम्ही सहा वेळा उघडली आणि सहा वेळा मिटली.

डासांची तरी चाहूल लागते. पण इथे आणखी एक जात आहे. चिलटांहून बारीक, नजरेला दिसेल न दिसेल अशी, आणि चावली की निखारा टेकल्यासारखी आग. स्थानिक लोक तिला ‘चित्रा’ म्हणतात. माझ्या सख्ख्या मावसबहिणीचे नाव चित्रा असल्यामुळे मला पहिले दोन दिवस ते नाव उच्चारणे जड गेले. नंतर गेले नाही.

हा प्रश्न नुसत्या खाजेचा नव्हता. आमच्या नातीला आदल्या वर्षी एका बेटावर डेंग्यू झाला होता. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेलेल्याला दुसऱ्या प्रकाराचा झाला, तर तो अधिक जिवावर बेतू शकतो. भाचेसुनेने शांतपणे सांगून टाकले होते, “प्रत्येक झडपेला नीट जाळी लागेल, तर पुढे पॅसिफिक. नाहीतर इथून तिकिटं काढून मी मुलीला घेऊन पुण्याला.” हातशिलाईच्या सामानाचा अर्थ आता आम्हांला लागला.

भाच्याने एक प्रयत्न करून पाहिला होता. झडपेच्या चौकटीला आतून वेल्क्रोची पट्टी डिंकाने चिकटवली आणि तिच्यावर जाळी दाबून बसवली. दिवसाच्या उन्हाने डिंक पातळ झाला आणि रात्री सगळे लटांबर झोपलेल्यांच्या अंगावर आले. शिवाय मध्यरात्री पावसाची सर आली की झडप मिटण्यासाठी आधी जाळी सोडवावी लागे, तोवर बिछाना भिजे आणि डासांचे अख्खे वऱ्हाड आत येई. नौकांच्या दुकानात तयार जाळ्याही मिळतात, पण या जुन्या नौकेच्या मापाची एकही नव्हती.

सौ.ने सकाळी सगळ्या झडपांवर नजर टाकली आणि विचारले, “लोणच्याच्या बरणीला दादरा कुठून बांधतात? आतून की बाहेरून?”

तिथेच निम्मा प्रश्न सुटला.

कोलोनच्या बाजारात एका सिंधी व्यापाऱ्याचे कापडाचे दुकान सापडले. सिंधी मंडळी या देशात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करीत आली आहेत. आम्हांला पाहताच त्यांनी हिंदीत स्वागत केले आणि चहा मागवला. सौ.ने जाळीचे पाच-सहा प्रकार गल्ल्यावर पसरले. नेहमीच्या जाळीला इंचाला सोळा ते अठरा छिद्रे असतात. तीत डास अडतो, पण चित्रा अंग चोरून आत शिरते. तिच्यासाठी जवळजवळ दुप्पट बारीक जाळी लागते. “डासाला रव्याची चाळणी पुरते, हिला मैद्याची हवी,” सौ. म्हणाली. पण मैद्याच्या चाळणीत अडचण असते ती प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तिच्यातून काही लवकर खाली उतरत नाही, मग ते पीठ असो की वारा. भोकावर बारीक जाळी ताणून बसवली तर आत येणारा वारा निम्म्यावर येतो.

यावर उपाय एकच, चाळणी मोठी करायची. जाळी भोकावर सपाट न बसवता उघड्या झडपेवरून तंबूसारखी सोडायची. झाकण उभे केले की ते तंबूच्या खांबाचे काम करते. जाळीचा पृष्ठभाग भोकाच्या दुपटीहून अधिक होतो आणि जे एका छिद्रातून कमी आले ते जास्त छिद्रांतून भरून निघते. तंबूच्या खालच्या काठाला परकरासारखा नेफा शिवायचा, त्यात इलास्टिक ओवायचे आणि झडपेच्या उंचवट्याभोवती दादऱ्यासारखा तो घट्ट बसवायचा. यात आणखी एक सोय आपोआप झाली. पाऊस आला की आतून दोरी ओढायची. झाकण खाली येते आणि जाळी त्याच्यावर सैल होऊन पडून राहते. काही सोडवायला नको की काही लावायला नको.

व्यापाऱ्याने काळी आणि पांढरी अशी दोन्ही जाळी दाखवली. सौ.ने काळी घेतली. पांढरी जाळी उजेडात चकाकते आणि पलीकडचे दिसत नाही, काळीतून समुद्र दिसतो. दोरा पोलिएस्टरचा घेतला, कारण सुती दोरा उन्हा-पावसात महिन्यांत कुजतो आणि जाळी शाबूत राहून शिवण उसवते.

मग तीन दिवस नौकेवर शिवणकाम चालले. आधी वर्तमानपत्राचे कागद जोडून प्रत्येक झडपेचा नमुना कापला. नौकेवर शिडे शिवायचे दणकट मशीन होते, पण त्याखाली जाळी नुसती घसरायची. सौ.ने जाळीखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून टीप मारली आणि नंतर कागद फाडून टाकला. टीप सरळ रेषेत आली. जिथे इलास्टिक ताण घेणार, तिथे कापडाची दुहेरी पट्टी लावली. बाजूच्या लहान खिडक्यांना प्लॅस्टिकच्या नळीची कडी वाकवून, तिच्यावर जाळी चढवून आतून दाबून बसवली, डब्याचे झाकण बसावे तशी.

अवघड होते ते जिन्याचे दार. तिथून माणसांची सारखी ये-जा. प्रत्येक वेळी इलास्टिक कोण काढणार? शेजारच्या नौकेवरच्या एका वयस्क खलाशाने सुचवले की काठाला लोहचुंबक लावा, आपोआप चिकटते. भाचा म्हणाला, “दारापासून हातभरावर होकायंत्र आहे. चुंबक लावले तर डास चुकतील, पण आमचीही दिशा चुकेल.” शेवटी दोन पडदे केले, मधोमध वीतभर एकावर एक येतील असे, आणि खालच्या काठात मासे पकडण्याच्या गळाची शिशाची वजने शिवली. कोकणात खाडीवर पाग टाकणाऱ्याला पाहिले असेल, तर ही युक्ती लगेच ओळखाल. पागाच्या कडेला शिसे असते म्हणून तो तळाला चिकटून बसतो. इथे माशांना आत कोंडायचे नव्हते, इतकाच फरक.

नियम दोन ठरले. सूर्य मावळण्याच्या अर्धा तास आधी सगळ्या जाळ्या लागल्या पाहिजेत, आणि आतला दिवा त्यानंतरच पेटायचा. झोपताना हातपाय जाळीला टेकवायचे नाहीत, कारण डास बाहेर बसूनही सोंड आत घालतो. नातीने हे दोन्ही नियम सर्वांकडून, विशेषतः आजोबांकडून, कडकपणे पाळून घेतले.

खरी परीक्षा झाली ती गाटुनच्या सरोवरात. कालव्यातून जाणाऱ्या लहान नौकेवर सुकाणू धरणारा सोडून दोर सांभाळणारी चार माणसे असावीच लागतात. वर कालव्याचा एक सल्लागार. भाचेसून धरून तीन जण गोदीतच जमले, चौथा आम्ही कोलोनमधून रोजावर घेतला. पन्नाशीचा, उंच, मोजके बोलणारा. संध्याकाळी प्रचंड दारे आमच्यामागे मिटली, पाणी खळबळत वर येऊ लागले, आणि तीन पायऱ्यांत आम्ही समुद्रापेक्षा सव्वीस मीटर उंच चढलो. पुढे एक अख्खी मालवाहू आगबोट, मागे आमचा नारळाच्या करवंटीएवढा संसार! वर गोड्या पाण्याचे सरोवर पसरले होते, चाग्रेस नदीला बांध घालून केलेले. सल्लागार उतरून गेला आणि आम्ही एका तरंगत्या पिंपाला नौका बांधून रात्र काढायला थांबलो.

भोवती काळेकुट्ट रान. वारा बेताचाच. दिवा लागल्याबरोबर बाहेरून जाळीवर किडे येऊन बसले. काही वेळाने जाळीचा रंग काळा की करडा ते सांगता येईना. पण आत एकही नव्हता. मध्यरात्री सर आली, दोरी ओढली, झडप मिटली. सर गेली, झडप उघडली. भाचेसून मुलीच्या उशाशी विजेरी घेऊन बसली होती. तिने एकदा मुलीचे हातपाय नीट तपासले, विजेरी विझवली आणि तिथेच आडवी झाली. कित्येक महिन्यांत ती पहाटेपर्यंत सलग झोपली नव्हती, असे भाच्याने मला नंतर सांगितले.

सकाळी चहा घेताना तो दोरवाला जाळीचा काठ बोटांत धरून पाहत होता. इंग्रजीत म्हणाला, “माझे पणजोबा बार्बेडोसहून खणायला आले होते. घरात सांगतात, साहेबांच्या बंगल्यांना जाळी बसवायला त्यांनी तारेच्या गुंडाळ्या खांद्यावरून वाहिल्या. त्यांच्या बराकीला मात्र जाळी नव्हती.” थोडे थांबून त्याने विचारले, “उरली आहे का थोडी? माझ्या नातवाच्या खोलीची खिडकी रस्त्याच्या गटारावर उघडते.”

सौ.ने मोजपट्टी काढली. खिडकीचे माप त्याला ठाऊक नव्हते. त्याने दोन्ही हात पसरून दाखवले, मग उभे धरून दाखवले. तिने चार-चार बोटे जास्तच धरली. कुलेब्राची खोल खिंड दोन्ही बाजूंनी सरकत असताना, जिथे डोंगर फोडताना किती माणसे गाडली गेली, तिथून जाताना ती डेकवर बसून काठाला पट्टी शिवत होती आणि मी सुईत दोरा ओवून देत होतो. पॅसिफिककडच्या शेवटच्या लॉकची दारे उघडायच्या आत जाळी तयार झाली.

बाल्बोआला तो उतरला. मजुरी मोजून खिशात घातली, जाळीची गुंडाळी काखेत मारली आणि कोलोनची बस सुटेल म्हणून लगबगीने निघून गेला. भाचेसुनेने तिकिटांचा विषय पुन्हा काढला नाही. आठवड्याने आम्ही विमानाने परत निघालो, तेव्हा ती नकाशावर वाकून पुढच्या बेटांची अंतरे मोजत होती.